नऊ नंबर

२३ सप्टेंबर, मंगळवार
बाळकुम, ठाणे

ती. हेमाताई,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नका. घरी सगळे ठीक आहेत. रवीचं बीपी गोळीने ताब्यात आहे आणि तुमचा भाऊ म्हणून त्याचा जो काही स्वभाव आहे तोही जागच्या जागी आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही 'हं, बोल' म्हणाल आणि मी पाणीकपातीवर चार वाक्यं बोलून ठेवून देईन. सहा वर्षांत दोनदा असं झालंय, तुम्हाला आठवत असेल. व्हॉट्सॅपवर लिहिलं तर निळ्या खुणा कधी येतात ते बघत बसेन, आणि दवाखान्यात एकाच्या दाढेची अपॉइंटमेंट दुसऱ्याला देऊन बसेन. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की उद्या सकाळी मी सायकलवरून निघतेय. ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज घाट चढून ओतूर, तिथून जुन्नर, आणि रविवारी परत कल्याण. हो, सहा वर्षांपूर्वीचा तोच रस्ता आणि तेच भाऊ. आपले नौपाड्यातले सायकलवाले भाऊ जुलैत आमच्या दवाखान्यात दाढ दाखवायला आले होते. रवीने त्यांच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, जे बोलू नये ते त्यांना बोलून घेतलं त्यानंतर मी त्यांच्यासमोर उभी राहिले नव्हते. दाढ काढून झाली, तोंडात कापूस धरला आणि तशाच बोबड्या आवाजात ते मला म्हणाले, "दुकान दिवाळीनंतर बंद करतोय. त्याआधी एकदा सगळ्यांना माळशेजला न्यायचंय. माझे गुडघे गेलेत, मी टेम्पोतून येईन. दहा नंबर रिकामा आहे. येणार का?" तोंडात कापूस धरलेल्या माणसाला नाही म्हणायला जीभच वळली नाही.

तुम्ही निवडून दिलेली निळी सायकल बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडमागे होती. सहा वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते. धुऊन काढली, नवे टायर टाकले. दोन महिने रोज पहाटे घोडबंदर रोडला जाऊन येतेय. पहिल्या दिवशी ब्रह्मांड आठवलं, पण गेले.

ताई, मला तुमचे आभार मानायचेत. आणि एक गोष्ट सांगायची आहे. दोन्ही एकाच पत्रात बसेनात. उद्या कल्याणवरून जाताना हे पत्र तुमच्या जिन्याखालच्या पेटीत टाकते, म्हणजे निदान सुरुवात होईल.

तुमची,
रचना


२४ सप्टेंबर, बुधवार
मुरबाड

हेमाताई,

पत्र टाकलं नाही.

दुर्गाडीला सगळे वडापाव खायला थांबले तेवढ्यात मी तुमच्या गल्लीत येऊन गेले. पेटीवर तुमच्या अक्षरातलं नाव अजून आहे, फक्त 'हे'वरची मात्रा पुसट झालीय. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि परत काढलं. वर बघायची हिंमत झाली नाही. तुम्ही बाल्कनीत उभ्या असतात तर मी काय केलं असतं? सायकल फिरवली आणि आले पळून. आता हे दुसरं पत्र त्याच पाकिटात ठेवीन.

आज हवेने आमची चांगलीच फिरकी घेतली. कशेळीच्या पुलावर भुरभुर, कोनला धो धो, आणि दुर्गाडीपर्यंत असं ऊन की रेनकोटच्या आत मी उकडून निघाले. रेनकोट काढून घडी घातला की पुन्हा थेंब. मुरबाड रस्त्याला लागल्यावर मी नाद सोडला आणि भिजत राहिले. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलाय, वास छान सुटला होता.

भाऊंनी मला शेपटी केलंय. म्हणजे सगळ्यांत शेवटी चालवायचं. कुणी पंक्चर काढत थांबलं, कुणाच्या पायात गोळा आला, की शेपटीने त्याच्यापाशी थांबायचं. कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. मला हे काम त्यांनी का दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण आवडतंय. सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठीवरून माणूस किती दमलाय ते बरोबर कळतं.

मोजणी अजून तशीच आहे. थांबा सोडायच्या आधी भाऊ टेम्पोच्या फळीवर उभे राहून "मोजा!" म्हणतात आणि जो तो आपला नंबर ओरडतो. नियमही तोच, आपला नंबर आपणच म्हणायचा. नवऱ्याने बायकोचा म्हणायचा नाही, बायकोने नवऱ्याचा नाही. आणि गेलेल्याचा नंबर नव्या माणसाला द्यायचा नाही. रिकाम्या जागी भाऊ स्वतः 'रजा' म्हणतात. सकाळी बाळकुम नाक्यावर पहिली मोजणी झाली. सात, आठ, आणि मग भाऊ म्हणाले, "नऊ रजा." माझ्या तोंडून दहा निघायला जरा वेळ लागला.

त्याच नाक्याच्या मागे, टॉवर व्हायच्या आधी तो नुसताच डांबरी रस्ता होता, तिथे तुम्ही मला शिकवलंत. मी एकोणचाळीस वर्षांची, आणि तुम्ही हॉस्पिटलची रात्रपाळी करून, डोळे लाल, सीट धरून माझ्यामागे पळताय. "समोर बघ, चाकाकडे काय बघतेस, चाक कुठे जात नाही!" रवी हसत म्हणाला होता, या वयात कसली सायकल. तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "तू शिकताना किती वेळा गटारात गेलास ते सांगू का तिला?" तो निमूट घरी गेला. मी पोट धरून हसले आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की तुम्ही सीट सोडलीय आणि मी चालवतेय.

माहेरी मला सायकलला हात लावू दिला नव्हता. तुमच्यामुळे मी एकटी कुठेही जायला शिकले, बँकेत, भांडुपला आईकडे, पुढे घाटात. सासरी येऊन नणंदेकडून असं काही मिळालं असं सांगितलं तर दवाखान्यातल्या मुलींना खोटं वाटतं. मी तुम्हाला थँक्यू कधी म्हटलंच नाही. आज म्हणते. खूप खूप आभार, ताई.

आणि अशा माणसाकडे मी सहा वर्षं आले नाही. रवी दर महिन्याला येतो, घरी येऊन म्हणतो, "ताई विचारत होती." मी कणीक मळायला घेते. नातेवाइकांना वाटतं आपलं काहीतरी बिनसलं. बिनसलं काहीच नव्हतं. तुम्ही काही केलं नव्हतं.

उद्या घाट आहे. बाकीचं उद्या लिहीन, लिहिणार आहे.

रचना


२५ सप्टेंबर, गुरुवार
ओतूर

हेमाताई,

आता सरळच लिहिते, नाहीतर पुन्हा हवापाण्यावर जाईन.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी घाटाच्या पायथ्याच्या टपरीवर तुमचं 'नऊ' मी म्हटलं.

भाऊ 'मोजा' म्हणाले तेव्हा तुम्ही टपरीच्या मागे, आडोशाला गेला होतात. बायकांना या रस्त्यावर धड जागा नाही, वेळ लागतोच. पाऊस सुरू झाला होता, सगळ्यांनी टोप्या खाली ओढल्या होत्या, कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. आठ झालं आणि मी नऊ म्हटलं आणि लगेच दहा म्हटलं. कॉलेजात मैत्रिणीची हजेरी लावतात ना, तसं. मला वाटलं, आलातच तुम्ही मागून. भाऊंनी शिट्टी मारली, सगळे निघाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्या मांडीच्या हाडाला माहीत आहे. तुम्ही एकट्या घाईने मागून निघालात. तिसऱ्या वळणावर धबधब्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, त्यातल्या शेवाळावरून चाक घसरलं आणि तुम्ही सायकलसकट कडेच्या नाल्यात गेलात. रस्त्यावरून दिसणारही नाही अशा जागी, ढगात, अडीच तास.

मी वर पोचले होते. वरच्या मोजणीत 'नऊ'ला कुणी बोललं नाही तेव्हा भाऊ म्हणाले, "मग खाली नऊ कोण म्हणालं?" सगळे एकमेकांकडे बघत होते. मीही बघितलं, ताई. मीही बाकीच्यांसारखं इकडे तिकडे बघितलं. मग भाऊ आणि दोघं जण खाली धावले आणि मी भज्यांच्या टपरीत बसून राहिले.

हॉस्पिटलमध्ये भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "मोजताना मी चुकलो." मी तेही ऐकून घेतलं. रवी त्यांना दुकानात जाऊन नाही नाही ते बोलला, त्यांनी ग्रुप बंद केला, तरी मी गप्प. तुमच्या पायात रॉड घातला, तुम्ही काठी घेतली, सायकल सुटली. तुमच्या दाराशी यायचं तर तुमचा पाय दिसणार. म्हणून मी येणंच बंद केलं.

आज घाट चढले. पायथ्याला लख्ख ऊन होतं, पहिल्या वळणाला ढग खाली आला, दुसऱ्याला गारठा. शेपटीच असल्यामुळे घाई नव्हती. तिसऱ्या वळणावर एक बाई मेणकापडाखाली शेगडी मांडून कणसं भाजत होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर गोंदण. मी थांबले आणि विचारलं, सहा वर्षांपूर्वी इथे एक सायकलवाल्या बाई पडल्या होत्या, त्यांना कुणी बाहेर काढलं?

"म्याच की," त्या म्हणाल्या. गंगुबाई नाव. "चाक दिसलं मला वर आलेलं. बाई लय धीराची. हाड मोडलेलं, तरी मलाच सांगती, छत्रीचा दांडा लाव, वढनीनं बांध, हितं नको, तितं बांध."

ते ऐकून मला हसू आलं. तुम्हीच त्या, दुसरं कोण असणार.

"पर एकच घोर लागला व्हता त्यांना," गंगुबाई म्हणाल्या. "माजी भावजय वर गेलीया, म्हनं. मी दिसंना म्हनून ती उलटी खाली यील, ह्या ढगात. तिच्या सायकलीचा बिरेक धड न्हाई. माझं ऱ्हाऊ दे, आदी रस्त्यावर हुबी ऱ्हा आन् तिला वरच थांबव, म्हनं. मी हुबी ऱ्हायले बी घटकाभर." शेगडीवरचं कणीस फिरवत त्यांनी विचारलं, "मंग आली का वो ती भावजय?"

त्या दिवशी सकाळी मुरबाडला तुम्ही माझे ब्रेक दाबून बघितले होते. रबर झिजलंय, जेवणाच्या थांब्यावर बदलून घे, म्हणाला होतात. नाल्यात पडल्या पडल्या तुम्हाला माझ्या ब्रेकचं रबर आठवलं. आणि मी खाली यायला निघालेच नव्हते.

मी म्हटलं, "आत्ता आलीय."

गंगुबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. सगळ्यांत मोठं कणीस निवडलं, मीठ-लिंबू चोळून माझ्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्या पाया पडले. तुम्हाला वाचवल्याबद्दल त्यांना काय द्यावं ते सुचेना, म्हणून माझा रेनकोट दिला. उरलेला घाट मी भिजत चढले आणि मोठमोठ्याने रडले. शेपटीच्या मागे कुणी नसतं, तो एक फायदा.

रचना


२६ सप्टेंबर, शुक्रवार
जुन्नर

ताई,

काल एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. 'आलातच मागून असं वाटलं' असं मी लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे.

पाच वर्षं आपण बरोबर चालवली. प्रत्येक चढावर तुम्ही वर आधी पोचायच्या आणि माझी वाट बघत उभ्या राहायच्या. मी धापा टाकत आले की बाटली पुढे करायच्या, "ये, ये, आलीस की." तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मी. लोक म्हणायचे, नणंद बघा, भावजयीला कशी सांभाळून घेते. त्या दिवशी मला एकदा, फक्त एकदा, वर आधी पोचायचं होतं. तुम्ही याल तेव्हा बाटली घेऊन मला उभं राहायचं होतं. तुम्ही आडोशाला आहात, दोन-तीन मिनिटं तरी लागतील, तेवढी मला पुरतील, असा हिशोब मी केला आणि नऊ म्हटलं.

पोचले मी आधी. बाटली हातात घेऊन अर्धा तास मोठ्या खुशीत उभी होते.

एवढंच आहे. याहून मोठं काही कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

आज दुपारी सगळे लेण्याद्रीला चढले. तेव्हाच्या फेरीत तुम्हाला हीच लेणी बघायची होती, तुम्ही आठ दिवस आधीपासून घोकत होतात. बाकीचे गणपतीच्या दर्शनाला गेले. मी चैत्यात स्तूपासमोर बसले. बाहेर आत्ता ऊन, आत्ता सर. आत मात्र सगळं कोरडं आणि गार. वंदना म्हटली. मला वाटलं होतं आत बसून माफी मागेन, पण मनात येत होते ते सगळे आभारच. तुम्ही जिवंत आहात, काठी आपटत का होईना पण चालता, रवीला वेळेवर गोळी घेतली का म्हणून ओरडता. गंगुबाई त्या दिवशी तिथे होत्या. माझे पाय अजून चढतात. या वयात याहून काय मागायचं ते मला सुचलं नाही.

पायऱ्या मोजल्या नाहीत. तुमच्यासाठी मोजायला हव्या होत्या, तुम्ही विचारालच.

रचना


२७ सप्टेंबर, शनिवार
टोकावडे

हेमाताई,

आज घाट उतरलो. काय ऊन पडलं होतं! सगळे कडे सोनकीने पिवळे झालेत. गंगुबाईंना हात केला, त्यांनी माझा रेनकोट शेगडीवर छपरासारखा ताणलाय.

दुपारी बाराला इथे मुक्कामी पोचलो. भाऊ टेम्पोला टेकून सायकलींच्या चेनला तेल देत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि काल-परवा तुम्हाला लिहिलेलं सगळं सांगून टाकलं. ते तेल देतच राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"सहा वर्षांपासून. हेमाने सांगितलं. ऑपरेशनला आत नेण्याआधी तिने मला एकट्याला बोलावलं. म्हणाली, भाऊ, टपरीच्या मागून मी नऊ ऐकलं. आवाज रचनाचा होता. तिचं नाव कुठे घेऊ नका, तिला त्याच घरात संसार करायचाय. कुणी विचारलंच तर म्हणा, तुम्ही मोजताना चुकलात."

"आणि तुम्ही म्हणालात."

"माझ्या भरवशावर आलेली माणसं होती ती," भाऊ म्हणाले. "नऊ कुणाच्या आवाजात आलं ते मला कळायला हवं होतं. तेवढी चूक माझी होतीच. त्यामुळे फार खोटं बोललो असं मला वाटलं नाही."

तुम्हाला माहीत होतं. रवी दर महिन्याला येऊन 'ताई विचारत होती' म्हणायचा तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही वाट बघत होतात, चढावर बघायचात तशीच.

मग मी रवीला फोन लावला आणि त्यालाही सगळं सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल. तर म्हणाला, "भाऊ आहेत का तिथे? त्यांना दे." त्यांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. भाऊ फक्त "अरे असू दे, असू दे रे" म्हणत होते, आणि तेलाच्याच हाताने चष्मा पुसत होते. सगळा चष्मा तेलकट करून घेतला.

ताई, तुम्ही आणि भाऊंनी मिळून मला सहा वर्षं सांभाळलंत आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत. हे मी कसं फेडू ते विचारत नाही. तुम्ही चिडाल.

संध्याकाळी भाऊ टेम्पो घेऊन पुढे कल्याणला जातायत, उद्याची व्यवस्था बघायला. ही पाचही पत्रं त्यांच्या हाती देतेय. पेटीत टाकू नका, हातात द्या, असं सांगितलंय.

उद्या अकराच्या सुमाराला आम्ही दुर्गाडीच्या चौकात पोचू. तिथे शेवटची मोजणी. भाऊंना मी विनंती केलीय, उद्या नऊला 'रजा' म्हणू नका. आठ होईल आणि मी गप्प राहीन. तुम्ही आला नाहीत तरी माझी काही तक्रार नाही. पण तुमचा नंबर ऐकल्याशिवाय मी दहा म्हणणार नाही, मग चौकात किती का वेळ उभं राहावं लागेना.

तुमची,
रचना


२९ सप्टेंबर, सोमवार
कल्याण

रचना,
जयभीम.

काल चौकात बोलणं झालं नाही. बोलणार कसं? तू रडतेस, भाऊ रडतायत, रवी ठाण्याहून येऊन तुझी सायकल धरून उभा, आणि माझा रिक्षावाला 'मावशी, चलायचं का' म्हणून जीव खातोय. म्हणून तुझ्यासारखाच कागद घेतला. लिहायची सवय नाही मला, केसपेपरइतकंच लिहिते.

आठ झाल्यावर मी लगेच बोलले नाही, ते मुद्दामच. रिक्षात बसून मजा बघत होते. ट्रॅफिक हवालदार शिट्ट्या मारतोय, मागे बस अडलीय, आणि तू खांबासारखी गप्प. अख्खं एक मिनिट गेलं. मग उतरून म्हटलं नऊ. एवढ्या जोरात म्हणायची गरज नव्हती, पण सहा वर्षांचं साठलेलं होतं.

आता माझं ऐक. पत्रं मी दोनदा वाचली. चूक तुझी होती, मी नाही म्हणणार नाही. पाय माझा गेलाय, उगाच मोठेपणा करायचा नाहीये मला. पण एक गोष्ट भाऊंनाही सांगितली नव्हती, ती तुला सांगते. टपरीच्या मागून मी तुझं नऊ ऐकलं तेव्हाच मला कळलं, तुला पुढे जायचंय. एक हाक मारली असती तर सगळे थांबले असते. मारली नाही. मलाही राग आला. म्हटलं, बघू या, मागे वळून बघते का. दोन मिनिटं तिथेच उभी राहिले, फुरंगटून, बावन्न वर्षांची बाई. मग तुला वर गाठायचंच म्हणून नको तेवढी दामटवली आणि शेवाळावर गेले. नाल्यात पडल्यावर राग गेला, भीती राहिली. ते गंगुबाईने तुला सांगितलंच आहे.

त्यानंतरही मी तेच केलं. रवीकडे नुसतं विचारत राहिले. लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर राहून तुला 'ये' असं एकदाही म्हटलं नाही. तू यावंस, तू सांगावंस, मग मी माफ करणार, असा माझा थाट. तुझी सहा वर्षं गेली तशी माझीही गेली. दुखणं काढलं, रिटायर झाले, सगळं तुझ्याशिवाय.

बाकी मुद्दे. लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजून यायला पुन्हा जायचं आहे; मी टेम्पोत भाऊंशेजारी बसेन, त्यांनी हो म्हटलंय. रेनकोट दिलास ते बरं केलंस, नवा माझ्याकडून. आणि काल चौकात तुझे ब्रेक दाबून बघितले, ठीक आहेत.

एक शेवटचं. मागच्या बुधवारी साडेदहाला मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली निळी सायकल बघितली. पाकीट पेटीत अर्धं घालून परत काढताना बघितलं. वर बघशील म्हणून थांबले. तू बघितलं नाहीस, आणि मी पुन्हा हाक मारली नाही. हातात ओली चादर घेऊन तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले.

ती हाक आता मारते. रचना, वर ये.

हेमाताई